कच्च्या लिंबाची मॅच : डॅलस ते लॉरेन्स, कॅन्सस

आधी हे सांगतो की दिवाळीच्या तोंडावर घर सोडून बास्केटबॉल बघायला जाणं ही माझीच आयडिया होती, पोरीची नव्हती. घरात अजून तिच्या नावावर खपवतोय, ते वेगळं.

झालं असं की माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, लॉरेन्सला युनिव्हर्सिटी ऑफ कॅन्ससमध्ये एमएस करतोय. तो तिथे लागल्यापासून मी त्याच्या मागे होतो की मला एकदा तिथल्या ॲलन फील्डहाउसमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल स्टेडियममध्ये, मॅच बघायची आहे, कुठलीही. आम्ही नागपूरला शाळेच्या डांबरी ग्राउंडवर खेळलेली माणसं, रिंगला जाळी नसायची त्यामुळे बॉल आतून गेला की बाहेरून यावरून निम्मी भांडणं, पण या खेळाचं वेड तेव्हापासूनचं. तर ८ नोव्हेंबर २०२४ ला नॉर्थ कॅरोलायनाची टीम येणार होती तिथे, मी तिकिटाचे भाव बघितले आणि लॅपटॉप बंद केला. मग भाचा म्हणाला, मामा, २९ ऑक्टोबरला एक्झिबिशन आहे, वॉशबर्न युनिव्हर्सिटीबरोबर, ती बघायला या. सीझनच्या आधीची मॅच, रेकॉर्डमध्ये धरत नाहीत.

धरत नाहीत म्हणजे? तर धरत नाहीत. जिंकलात तरी नाही आणि हरलात तरी नाही. पोरीला मी समजावून सांगितलं, आम्ही लहानपणी धाकट्या भावंडाला खेळायला घ्यायचो, तो आउट झाला तरी आउट नाही, त्याला कच्चा लिंबू म्हणायचे, तशी ही कच्च्या लिंबाची मॅच. ती बारा वर्षांची आहे, शाळेच्या टीममध्ये खेळते, तिने विचारलं मग त्याला मजा काय यायची? याचं उत्तर मला पस्तीस वर्षांत सुचलेलं नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला निघालो. बायकोला ऑफिसमधून सुट्टी नव्हती आणि असती तरी ती आली नसती. "धनत्रयोदशीला बाप-लेक घराबाहेर" एवढं एकच वाक्य बोलली, पण चकल्या, शंकरपाळे आणि चिवडा असे तीन डबे भाच्यासाठी नीट बांधून दिले, वर एका पिशवीत कणीक, दोन वाती आणि धणे-गुळाची पुडी. म्हणाली उद्या संध्याकाळी यमदीप लावायचा, कुठेही असाल तिथे. मी हो म्हटलं, अशा वेळी हो म्हणायचं असतं.

डॅलसपासून लॉरेन्स साधारण पाचशे मैल, आय-३५ धरायचा आणि उत्तरेला जात राहायचं. ओक्लाहोमाबद्दल लिहिण्यासारखं फारसं काही नाही, आर्बकलचे डोंगर लागतात तेवढा भाग छान आहे, बाकी पोरगी झोपली होती आणि मी पॉडकास्ट ऐकत होतो. ओक्लाहोमा संपलं की कॅन्सस टर्नपाइक सुरू होतो, जुलै २०२४ पासून तिथे टोलला पैसे द्यायला थांबायचंच नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल घरी.

पण विचिटा मागे पडलं आणि फ्लिंट हिल्स सुरू झाले तेव्हा मात्र मी पोरीला उठवलं. झाड नाही, घर नाही, नुसतं गवत, ऑक्टोबरात तांबूस झालेलं, लाटांसारखं वर-खाली जाणारं. इथे जमिनीखाली एक-दोन हातावर चुनखडी आणि गारगोटी, म्हणून नांगर चालला नाही, म्हणून गवत वाचलं. आणि त्या गवतात गाई. काळ्या, लांब लांब पसरलेल्या, मधेच एखादं वासरू आईला चिकटून. मॅटफील्ड ग्रीनच्या सर्व्हिस एरियाला कॉफीसाठी थांबलो तेव्हा बायकोचा मेसेज आला, आज वसुबारस आहे, लक्षात आहे ना? मी गाई-वासरांचा फोटो काढून पाठवला. या सगळ्या गाई कशासाठी वाढवतात हे पोरीला चांगलं माहीत होतं, ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. फोटोवर हार्ट आला.

लॉरेन्सला पोहोचेपर्यंत तीन वाजून गेले. भाच्याची अपार्टमेंट म्हणजे चार पोरं, एक कुकर. डबे उघडल्यावर पाच मिनिटांत चकल्या संपल्या, त्यातला एक रूममेट तेलंगणाचा, त्याने तर शंकरपाळ्याचा डबा मांडीवरच घेतला.

संध्याकाळी मॅसॅच्युसेट्स स्ट्रीटवर फिरलो, तिथे सगळे नुसतं मास स्ट्रीट म्हणतात. कॅन्ससमधल्या गावात मॅसॅच्युसेट्स कुठून आलं, तर १८५४ मध्ये तिकडून गुलामगिरीविरोधी लोक येऊन इथे वसले. १८६३ च्या ऑगस्टमध्ये गुलामगिरीच्या बाजूच्या क्वान्ट्रिलच्या टोळीने याच गावावर हल्ला करून दीडशेच्या वर माणसं मारली आणि गाव जाळलं. 'जेहॉकर' हे त्या काळच्या गुलामगिरीविरोधी लढणाऱ्यांना पडलेलं नाव, आणि आता त्यावरून निघालेला जेहॉक हा लाल-निळा, पिवळ्या बुटातला, जगात कुठेही नसलेला पक्षी प्रत्येक दुकानाच्या काचेवर हसत बसलेला असतो. इलेक्शन आठवड्यावर आलेलं त्यामुळे अंगणाअंगणात पाट्या, आणि चीफ्स ही इथली फुटबॉल टीम सातपैकी सात जिंकलेली त्यामुळे लाल झेंडे, पण जेहॉक सगळ्यांवर भारी. दुकानातल्या बाईने पोरीला विचारलं उद्या मॅचला आलीस का, ती हो म्हणाली, तर बाई म्हणाली लकी गर्ल. एक्झिबिशनला! मला वाटलं ही चेष्टा करते, पण नाही.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

सकाळी भाच्याला क्लास होता म्हणून आम्ही दोघंच कॅम्पसवर गेलो. कॅम्पस टेकडीवर आहे, माउंट ओरिड, कॅन्सस सपाट असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे एकदा पायी चढून यावं. वारा असा की टोपी हातात धरून चालायचं.

फील्डहाउसला लागूनच डिब्रूस सेंटर आहे, आणि तिथे ते दोन कागद आहेत. बास्केटबॉलचे मूळ तेरा नियम, टाइप केलेले, खाली जेम्स नेस्मिथची सही. डिसेंबर १८९१, स्प्रिंगफील्डचं वायएमसीए ट्रेनिंग स्कूल. थंडीत पोरांना आत कोंडून काहीतरी खेळवायचं होतं, पीच फळाच्या टोपल्या बाल्कनीला ठोकल्या आणि झालं. २०१० मध्ये हे दोन कागद न्यूयॉर्कला लिलावात निघाले तेव्हा डेव्हिड बूथ नावाच्या इथल्याच माजी विद्यार्थ्याने ४३ लाख डॉलर मोजून घेतले आणि ते इथे आले. पोरीने सगळे नियम वाचून काढले आणि म्हणाली, बाबा, यात ड्रिबल कुठे आहे? खरंच नाही. बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथून फेकायचा, एवढंच. म्हणजे आम्ही ज्याच्यावर सरांचा मार खाल्ला ते ड्रिबलिंग मूळ नियमांत नव्हतंच!

नेस्मिथ १८९८ मध्ये या युनिव्हर्सिटीत आला आणि इथला पहिला कोच झाला. जिंकल्या ५५, हरल्या ६०. इथे आजवर फक्त आठ कोच झाले आणि त्यात हरल्याचा आकडा जास्त असलेला हा एकटाच, ज्याने खेळ काढला तो! मला हा माणूस तिथेच आवडला. त्याला म्हणे निकालापेक्षा पोरांच्या तब्येतीत आणि वागणुकीत रस होता. त्याचा विद्यार्थी फॉग ॲलन कोचिंग करायला निघाला तेव्हा हा म्हणाला होता, अरे बास्केटबॉल शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, अशी गोष्ट इथे सांगतात. त्या ॲलनने पुढे कॅन्ससला ५९० मॅच जिंकून दिल्या, आणि फील्डहाउसला नाव त्याचं. नेस्मिथच्या वाट्याला आतलं कोर्ट आणि बाहेरचा रस्ता.

आणखी एक नाव इथे घ्यायलाच पाहिजे, जॉन मॅक्लेंडन. नेस्मिथकडे शिकला, १९३६ मध्ये डिग्री घेतली, पण काळा म्हणून त्याला इथल्या टीममध्ये खेळू दिलं नाही. पुढे तोच मोठा कोच झाला, आज सगळे खेळतात तो पळता खेळ, फास्ट ब्रेक, घडवण्यात त्याचा मोठा हात. गुलामगिरीविरोधी लोकांनी वसवलेल्या गावात हे. पोरीला सांगितलं तर तिने विचारलं, मग त्याच्या मॅचेस धरल्या का? मी म्हटलं, खेळूच दिलं नाही तर धरणार काय.

दुपारी वरणभात, झोप. भाच्याला क्लासवरून उशीर झाला आणि तिकिटाच्या ॲपने गेटवर दहा मिनिटं चाक फिरवत ठेवलं, तेवढा वेळ माझा बीपी कुठे होता ते विचारू नका.

मग आत गेलो.

बाहेरून ही इमारत म्हणजे चुनखडीच्या दगडाचं प्रचंड गोडाऊन. १ मार्च १९५५ ला उघडलं, बसायला पंधरा-सोळा हजार. पण आत आलं की कोर्ट इतकं खाली आणि इतकं जवळ, आणि माणसं चारी बाजूंनी उतरत्या भिंतीसारखी वर बसलेली, की मला एकदम नागपूरच्या गणपतीतल्या गर्दीसारखं झालं, अंगावर येणारी पण आपली वाटणारी. वर जुन्या खेळाडूंच्या जर्सी टांगलेल्या, विल्ट चेंबरलेनची १३ नंबर, पॉल पियर्सची ३४. चेंबरलेन १९५६ च्या डिसेंबरात इथे पहिलीच व्हार्सिटी, म्हणजे कॉलेजच्या मुख्य टीमची, मॅच खेळला आणि ५२ पॉइंट, ३१ रिबाउंड. आणि एका टोकाला तो बॅनर, आत येणाऱ्यांनो सांभाळा, फॉगपासून सावध. भाच्याने सांगितलं की १९८८ मध्ये पहिला बॅनर पोरांनी होस्टेलच्या बाथरूमचे पडदे काढून त्यावर रंगवला होता. होस्टेलची पोरं सगळीकडे सारखीच.

आमच्या शेजारी एक आजोबा बसले होते, सत्तरीच्या पुढचे, निळं स्वेटर, मांडीवर छोटी वही. स्कोर लिहीत होते. एक्झिबिशनचा! मी विचारलं तर म्हणाले सगळ्या लिहितो. मग शुक्रवारचीही काढून दाखवली, चार दिवसांपूर्वी कॅन्सस आर्कान्सॉला त्यांच्या घरी एक्झिबिशन खेळायला गेली होती आणि ८५-६९ अशी चांगलीच मार खाऊन आली. देशात पहिला नंबर दिलेली टीम. आजोबांच्या मागच्या रांगेतला एकजण म्हणाला अहो ती धरत नाहीत. आजोबांनी वहीवर बोट ठेवलं, इथे धरतात.

(हे सगळं लिहायला मला पुढचा मार्च उजाडला हे बरंच झालं. २० मार्च २०२५ ला एनसीएए, म्हणजे कॉलेजच्या खेळांची देशभरची संस्था, तिच्या टुर्नामेंटच्या पहिल्याच राउंडला कॅन्सस हरून घरी आली, ७९-७२, आणि समोर कोण, तर आर्कान्सॉच. मला आधी त्या वहीची आठवण झाली.)

मॅच सुरू व्हायच्या आधीचा भाग मॅचपेक्षा भारी असतो हे ऐकलं होतं, खरं निघालं. समोरच्या टीमची नावं घेताना स्टुडंट्सच्या बाजूची पोरं पेपर तोंडासमोर धरून वाचत बसतात, म्हणजे तुमच्यात आम्हाला काडीचा रस नाही. मग आपली टीम आली की तोच पेपर टराटरा फाडून हवेत. आणि त्या आधी दिवे मंद करून तो चँट. रॉक चॉक, जेहॉक, केयू. केयू म्हणजे ही युनिव्हर्सिटी. हळू, खर्जात, चर्चमध्ये म्हणतात तसा. १८८६ मध्ये केमिस्ट्रीच्या बेली नावाच्या प्रोफेसरने आणि सायन्स क्लबवाल्यांनी केलेला, चॉक म्हणजे या टेकडीचा चुनखडी दगड. पोरगी माझा हात धरून उभी होती, तिने हात घट्ट दाबला, बस.

आता मॅच. वॉशबर्न ही पंचवीस-तीस मैलांवरच्या टोपीकाची युनिव्हर्सिटी, डिव्हिजन टू, म्हणजे खालच्या गटातली, त्यांचं नाव इकाबॉड्स, उंच हॅट आणि शेपटीचा कोट घातलेला माणूस हा त्यांचा मॅस्कॉट. कोच ब्रेट बॅलर्ड हा पूर्वी इथेच खेळलेला, कॅन्ससचाच पोरगा. म्हणजे सगळा घरचाच मामला, पण त्यांची पोरं जीव तोडून खेळत होती, एकजण तर बॉलसाठी स्कोररच्या टेबलापर्यंत गेला. मला पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच बघावंसं वाटत होतं. आयुष्यात एकदाच इथे खेळायला मिळणार, आणि तेही धरणार नाहीत! आम्ही एकदा डिस्ट्रिक्टच्या टीमबरोबर प्रॅक्टिस मॅच खेळलो होतो, वीसच्या वर पॉइंटनी हरलो, पण त्यातला माझा एक हुक शॉट मी अजून लोकांना सांगतो.

कॅन्ससचं म्हणाल तर टीम नवीन, अर्धी पोरं दुसऱ्या कॉलेजांतून ट्रान्सफर घेऊन आलेली, त्यामुळे एकमेकांना पास देताना लग्नात नव्याने भेटलेल्या पाहुण्यांसारखं, तुम्ही घ्या, नाही तुम्ही घ्या. डेजुआन हॅरिस जुना, २०२२ ची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलेला पॉइंट गार्ड, तो स्वतः शूट करायला एवढा लाजतो की आजोबा वहीतून मान वर न करता "शूट इट" म्हणत होते. झीक मेयो हा लॉरेन्स हायस्कूलचाच, गावचा मुलगा दुसरीकडे खेळून परत आलेला, त्याचं नाव घेतलं की ओरडण्यात आयांचा आवाज जास्त. आणि काँगोहून आलेला फ्लोरी बिडुंगा, फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा, तो वॉर्मअपमध्ये उडी मारतो तेव्हा खाली यायचं विसरतो असं वाटतं. हंटर डिकिन्सन सात फूट दोन इंच, तो बेंचजवळ उभा राहिला की शेजारचे असिस्टंट कोच शाळकरी पोरं वाटतात. माझं आपलं मत, उंची भरपूर, पळणं कमी, आणि बाहेरून शूटिंगचा भरवसा नाही. मत विचारलंय कोणी, पण तिकीट काढलंय म्हटल्यावर मत येतंच.

कॅन्ससचा कोच बिल सेल्फ, त्याच्याकडे मात्र बघत राहिलो. समोर छोटी टीम, धरत नसलेली मॅच, आणि हा माणूस एका चुकलेल्या डिफेन्सवर असा चिडला जणू फायनल आहे. मजा अशी की त्या दिवशी त्याच्या नावावर ५८८ विजय होते, फॉग ॲलनच्या ५९० ला दोन कमी. आणि त्याने प्रत्यक्षात जिंकलेल्या आणखी १५ होत्या, २०१७-१८ च्या, त्या चौकशीनंतर एनसीएएच्या प्रकरणात पुसल्या गेल्या, त्या वर्षी शेवटच्या चार टीममध्ये पोहोचल्याचा, फायनल फोरचा, बॅनरही उतरवावा लागला. म्हणजे हजारो लोकांनी डोळ्यांनी बघितलेल्या मॅच कागदावर नाहीत. आजोबांना विचारलं, वहीत आहेत का? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की हा काय प्रश्न झाला.

(पुढे नोव्हेंबरात हॉवर्ड, मग नॉर्थ कॅरोलायना, आणि अटलांटाला मिशिगन स्टेटला हरवून सेल्फ ५९१ वर गेला. आम्ही बघितलेला विजय त्यात नाही.)

स्कोर मी मुद्दाम लिहीत नाही. धरत नाहीत तर लिहायचा कशाला. कॅन्सस आरामात जिंकली. शेवटी पुन्हा तो चँट, आणि मग सगळे हात वर करून डावीकडून उजवीकडे हलवायला लागले, शेतातला गहू वाऱ्यावर हलतो तसे. वेव्हिंग द व्हीट म्हणतात. पोरीनेही हात वर केले, आजोबांनीही केले, एका हातात पेन्सिल. मीही केले आणि तेव्हाच आठवलं, कणीक!

यमदीप राहिला होता. भाच्याकडे पोहोचेपर्यंत साडेदहा. रात्री कणीक भिजवली, कॅन्ससच्या गव्हाच्या राज्यात डॅलसच्या इंडियन स्टोअरमधला आटा, भाच्याने दिवा वळला तो वाटीपेक्षा बशीसारखा झाला. आत लावला तर स्मोक अलार्म वाजेल म्हणून बाहेर जिन्यात ठेवला, तोंड दक्षिणेला. तिकडेच डॅलस. वाऱ्याने तीनदा विझला, चौथ्यांदा पोरीने पिझ्झाच्या खोक्याचा आडोसा केला. व्हिडिओ कॉलवर बायकोने नमस्कार केला आणि विचारलं हे मागे पेपरोनी का लिहिलंय.

बुधवार, ३० ऑक्टोबर

निघायच्या आधी मेमोरियल पार्क सिमेट्रीत गेलो. नेस्मिथ तिथे आहे, १९३९ च्या नोव्हेंबरात गेला. सकाळी कोणी नव्हतं, गवत कापणारा एकजण लांब. पोरीने खिशातून धणे-गुळाची पुडी काढली, काल प्रसाद वाटायचा राहिलाच होता, तिने चिमूटभर दगडाच्या कडेला ठेवला आणि उरलेला आम्ही दोघांनी खाल्ला. मग विचारलं, बाबा, ५५-६० मध्ये याच्या एक्झिबिशन धरल्या असतील का? म्हटलं विचार त्याला.

परतीचा रस्ता तोच, गाई त्याच. ओक्लाहोमात पाऊण तास ट्रॅफिकमध्ये अडकलो, त्याबद्दल काही लिहीत नाही. घरी पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते, दारात पणत्या, बाथरूममध्ये उटणं आणि नवीन साबण काढून ठेवलेला. बायकोने विचारलं, मग कोण जिंकलं?

पोरगी म्हणाली, धरत नाहीत ना आई ती.

"हजार मैल गाडी चालवून?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "उद्या पहाटे साडेपाचला उठायचं. अभ्यंगस्नान आहे. ते धरतात."